चाळणे सोपे, रोळणे अवघड!

अमडापूर (ता. चिखली) : बुलडाणा जिल्ह्यातील या गावापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. उथळ पाण्यातील वाळू चाळून हरवलेले सोने शोधायचे, हा विषय येथे परका वाटावा असाच. तरीही पाण्यात सोने हरवण्याचे प्रसंग या भागातील कुटुंबांनाही चुकलेले नाहीत. अस्थिविसर्जनासाठी नाशिकला जावे लागते, आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत स्नान होते, आणि मुलांच्या सुटीत कोकणची सहल ठरते. थंड पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी निसटते. लाटेच्या एका फटक्यात मंगळसूत्राची कडी उघडते. गणपती विसर्जनाच्या गडबडीत मूर्तीवरचा दागिना उतरवायचा राहून जातो. त्यानंतर काठावर गर्दी जमते, दहा जण पाण्यात उतरतात, पायांनी वाळू ढवळतात आणि जी वस्तू वीतभर खोलीवर होती ती हातभर खोल जाते.

वस्तुतः अशी वस्तू शोधण्याचे एक जुने आणि पुरते शास्त्रशुद्ध तंत्र आहे. त्यासाठी लागणारी साधने बहुतेक घरांत किंवा गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. परदेशांतील समुद्रकिनाऱ्यांवर हा छंद म्हणून मोठ्या प्रमाणावर चालतो आणि तेथील छांदिष्ट आपली चाळणी बहुधा स्वतःच तयार करतात. आपल्याकडे तो छंद नव्हे, पोटापाण्याचा व्यवसाय होता व काही ठिकाणी अजूनही आहे.

सराफी पेढ्यांतील आणि कारागिरांच्या भट्ट्यांजवळील केर, राख, धूळ विकत घेऊन ती धुऊन त्यातील सोन्या-चांदीचे कण वेगळे करणाऱ्यांना महाराष्ट्रात झारेकरी म्हणतात. गुजरातेत त्यांना धूळधोया, तर उत्तर भारतात नियारिया असे नाव आहे. पूर्वेकडे, वैनगंगेच्या खोऱ्यात व त्यापलीकडे, नदीच्या वाळूतून सोने धुणारे सोनझारी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात सोनझारांची स्वतंत्र नोंद आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही गोंड या नोंदीखाली ‘सोनझारी झरेका’ हे नाव आढळते. नाशिकच्या रामकुंड परिसरात गोदावरीच्या पात्रात उभे राहून गाळ धुणारी माणसे अनेकांनी पाहिली असतील. मृताच्या मुखात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा मणी ठेवण्याची प्रथा आहे. तो मणी अस्थींबरोबर पाण्यात येतो. भाविकांनी वाहिलेली नाणीही तेथेच पडतात. ज्या गाळाकडे पाहून यात्रेकरू तोंड फिरवतात, त्या गाळात कंबरभर पाण्यात तासन्‌तास उभे राहणे हे कष्टाचे काम आहे. त्यात कौशल्य आहे, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

वजनाचा खेळ

हे कौशल्य समजून घ्यायचे तर वऱ्हाडातील खळे आणि स्वयंपाकघर यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. धान्य स्वच्छ करण्याच्या क्रियांना मराठीत वेगवेगळी नावे आहेत. चाळणे म्हणजे आकारावरून वेगळे करणे. उफणणे आणि पाखडणे म्हणजे वाऱ्याच्या साहाय्याने हलके व जड वेगळे करणे. रोळणे म्हणजे हेच काम पाण्याच्या साहाय्याने करणे. रोवळीत तांदूळ घेऊन पाण्यात फिरवले की तांदूळ वर येऊन पुढे सरकतात आणि खडे तळाशी राहतात. डबाबंद, निवडलेल्या धान्याच्या काळात ‘रोळणे’ हा शब्द शहरांतून जवळजवळ गेला आहे. पण सोने शोधण्याचे सारे तंत्र या एका शब्दात सामावलेले आहे.

वाळूचा मुख्य घटक असलेली गारगोटी पाण्यापेक्षा सुमारे २.६५ पट जड असते. २२ कॅरेट सोने सुमारे १७.७ पट जड असते. म्हणजे हवेत समान आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणापेक्षा साधारण पावणेसातपट जड भरेल. पाण्यात मात्र प्रत्येक वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतके कमी होते. त्यामुळे वाळूचा २.६५ हा आकडा १.६५ वर उतरतो, तर सोन्याचा १७.७ चा १६.७ होतो. दोघांतील अंतर आता दहापट झाले. उफणणीने जे साधत नाही ते रोळण्याने का साधते, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

समुद्रही हेच करीत असतो. प्रत्येक लाटेबरोबर वरची वाळू क्षणभर सैल होते, पाण्यात तरंगल्यासारखी होते आणि त्या क्षणी जड वस्तू थोडी खाली सरकते. अंगठी वाहून गेली असे काठावरच्या लोकांना वाटते. बहुतेक वेळा ती फारशी वाहत नाही, खाली जाते. शिंपल्यांच्या तुकड्यांचा थर, खडी किंवा घट्ट चिकणमाती लागली की तेथे थांबते. म्हणून पहिल्या काही तासांना महत्त्व असते. भरती-ओहोटीच्या काही फेऱ्या उलटल्या की शोधायची खोली वाढत जाते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू खरवडून आत नेतात आणि हिवाळ्यात ती परत आणून टाकतात. त्यामुळे मे महिन्यात हरवलेली वस्तू पावसाळ्यानंतर वाळूच्या जाड थराखाली गेलेली असू शकते, किंवा एखाद्या वादळी भरतीनंतर अवचित उघडीही पडते.

घरगुती तराफा

पाण्यात वापरायची चाळणी पाण्यावर तरंगणारी असावी लागते. हातात धरून चाळणाऱ्या माणसाचे खांदे अर्ध्या तासात भरून येतात. पाण्याने पूर्ण भिजलेली वाळू बाहेर उचलली तर लिटरला सुमारे २ किलो भरते. तीच पाण्याखाली असेल तर तिचा भार साधारण निम्मा होतो. यावरून रचना ठरते. चौकट तरंगावी, पण जाळी पाण्याच्या पातळीखाली चार बोटे बुडालेली असावी. फावड्याने किंवा घमेल्याने वाळू त्यात टाकून चौकट हलकेच हिंदकळली की बारीक वाळू आपोआप गळून जाते.

चौकटीसाठी सांडपाण्याचा ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप उत्तम. चार कोपऱ्यांना एल्बो लावून सांधे सोल्युशनने हवाबंद केले की झाले. असा एक मीटर पाइप सुमारे साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो. दोन फूट बाय दीड फुटाच्या चौकटीला दोन मीटरांहून थोडा अधिक पाइप लागतो. पाइपचे स्वतःचे वजन वजा करूनही ती पंधराएक किलोचा भार पेलू शकते. पाइप नको असेल तर लाकडी चौकटीभोवती मोटारीच्या चाकाची ट्यूब बांधूनही काम भागते. ट्यूब मात्र शिंपल्याच्या धारेने फाटते आणि मग चाळणीसह सापडलेली वस्तूही पुन्हा तळाला जाते.

जाळी निवडताना सर्वाधिक चुका होतात. बांधकामावर रेती चाळायची लोखंडी जाळी सहज मिळते, म्हणून तीच लावली जाते. खाऱ्या पाण्यात ती लवकरच तांबूस होते. गॅल्व्हनाइज्ड जाळी थोडी अधिक टिकते, स्टेनलेस स्टीलची सर्वांत उत्तम. ती चौकटीला बांधण्यासाठी बाइंडिंग वायर वापरू नये. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागून राहिले की त्यांतला एक झपाट्याने गंजतो. नायलॉनची दोरी पुरेशी आहे.

भोकांच्या आकाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१९ च्या मालिकेतील नाण्यांत १ रुपयाचे नाणे सर्वांत लहान, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचे आहे. बोटातील अंगठीचा बाहेरचा व्यासही साधारण तेवढाच. १० मिलिमीटरच्या चौकोनी भोकातून यांपैकी काहीही, आडवे किंवा उभे, पडत नाही. कानातील कुडी, नथीतून निसटलेला मोती, नाकातील चमकी मात्र त्यातून सहज पडेल. साखळीचे तर विचारायलाच नको. ती कितीही लांब असली तरी तिचे एक टोक भोकात शिरले की सापासारखी सरसरत संपूर्ण खाली उतरते. मंगळसूत्र किंवा साखळी शोधायची असेल तर भोक ३ मिलिमीटरहून मोठे नको. किनाऱ्यावरची बारीक वाळू एवढ्या भोकांतून पाण्याखाली व्यवस्थित गळते. शिंपले आणि गोटे फार असतील तर १० मिलिमीटरची जाळी वर व ३ मिलिमीटरची खाली, अशी दुमजली रचना करावी.

दोरीला लोहचुंबक बांधून नदीच्या पुलाखाली नाणी काढणारी मुले हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य आहे. त्यांचे तंत्र विशिष्ट नाण्यांपुरतेच चालते. १ व २ रुपयांची स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. १० रुपयांचे दोन धातूंचे नाणे चिकटत नाही. सोने व चांदी तर नाहीच. धातुशोधक यंत्राबाबतही गैरसमज आहेत. स्वस्तातील यंत्रे कोरड्या जमिनीवर ठीक चालतात, पण खारे पाणी स्वतःच विजेचे वाहक असल्याने ओल्या वाळूवर ती कारण नसताना वाजत राहतात. त्यासाठी वेगळ्या पद्धतीची महागडी यंत्रे लागतात. एका अंगठीसाठी तो खर्च करण्यापेक्षा चाळणी बरी.

तराफा लाटेबरोबर जाऊ नये म्हणून तो दोरीने कमरेला बांधण्याची पद्धत आहे. ही दोरी एका झटक्यात सुटेल अशा फासाची असावी. पक्की गाठ मारलेला तराफा मोठ्या लाटेत माणसालाही ओढून नेतो.

जागा आणि वेळ

साधन हाती येण्यापूर्वी एक काम करायचे असते व ते बहुतेक जण विसरतात. वस्तू पडली त्या क्षणी तेथेच उभे राहून खूण धरावी. किनाऱ्यावरचे एखादे माडाचे झाड आणि त्यामागचे देवळाचे शिखर एका रेषेत येत असेल ती एक रेष. दुसऱ्या दिशेला अशीच दुसरी. दोन्ही रेषा जेथे छेदतात ती जागा दुसऱ्या दिवशीही सापडते. कोकणातील मच्छीमार खोल समुद्रातील जागा वर्षानुवर्षे अशाच ओळखतात. “साधारण इथेच कुठेतरी” या वर्णनावरून चाळायचे क्षेत्र शंभरपट वाढते.

मग ओहोटीची वाट पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी सर्वांत दूर जाते. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरांच्या पुढे जाते आणि त्याच दिवसांत ओहोटीही तितकीच खोल लागते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढउतार कमी राहते. भरतीच्या वेळी गुडघाभर पाण्यात पडलेली अंगठी त्याच दिवशी सहा तासांनी कोरड्या वाळूत असण्याची शक्यता असते. तेथे तराफ्याचीही गरज नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, हे लक्षात ठेवले की दुसऱ्या दिवसाचा प्रयत्नही आखता येतो. जागेभोवती काठ्या रोवून दोरीने चौकोन आखावेत आणि एक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. चाळलेली वाळू न चाळलेल्या भागावर टाकणे ही नेहमीची चूक.

गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात, पावसाळ्यात, किंवा एकट्याने हे काम करू नये. वाळूत दबून बसलेले पाखट पायाखाली आले तर त्याचा काटा भयंकर वेदना देतो. फुटलेल्या बाटल्यांचा धोका तर प्रत्येक सहलीच्या किनाऱ्यावर आहे. खणलेले खड्डे बुजवावेत. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू तेथे मुळीच उकरू नये. ही कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

शेवटचे घमेले

अंगठी किंवा नाणे चाळणीत दिसते. तुटलेला मणी, बारीक कण, साखळीची कडी यांसाठी मात्र रोळावेच लागते आणि झारेकऱ्याचा हात येथे दिसतो. पसरट घमेले निम्मे भरून पाण्याखाली धरायचे. प्रथम फक्त डावीकडे-उजवीकडे हलवायचे, म्हणजे जड ते तळाशी बसते. ही पायरी घाईने उरकली की पुढचे सर्व वाया जाते. मग घमेले किंचित कलते करून पाण्याच्या लहानशा लाटेने वरची हलकी वाळू बाहेर जाऊ द्यायची. पुन्हा हलवायचे, पुन्हा कलते करायचे. शेवटी मूठभर काळी वाळू उरते.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या या किनाऱ्यांवर ही काळी वाळू विपुल आहे. तिच्यात इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज असते. ते पाण्यापेक्षा ४.७ पट जड असल्याने साध्या वाळूबरोबर निघून जात नाही. मॅग्नेटाइट चुंबकाने उचलता येते. त्यासाठी चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावा, म्हणजे पिशवी काढताच चिकटलेली वाळू गळून पडते. इल्मेनाइट मात्र साध्या चुंबकाला दाद देत नाही, तेथे हातच चालवावा लागतो. फार बारीक सोने पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगून निसटू शकते. साबणाच्या पाण्याचा एखादा थेंब टाकला की ते बुडते.

येथपर्यंत आल्यावर काही जण पाऱ्याचा उपाय सुचवतात. पारा सोन्याचे कण स्वतःत ओढून घेतो आणि तापवला की उडून जातो, मागे सोने राहते. हा उपाय जुना आहे आणि तितकाच घातक. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याची वाफ त्याच्या कितीतरी आधीपासून निघू लागते. ती श्वासावाटे शरीरात जाऊन मज्जासंस्था व मूत्रपिंडे निकामी करते. स्वयंपाकघरात हा प्रयोग म्हणजे साऱ्या कुटुंबाला विष देणे. सोन्याच्या कामातील पाऱ्याचा वापर कमी करणे हे मिनामाता करारातील एक महत्त्वाचे कलम आहे. भारताने या कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली.

सापडले, पण कुणाचे?

पाण्यात सापडलेली वस्तू सापडणाऱ्याचीच, ही सार्वत्रिक समजूत कायद्याला मान्य नाही. अलीकडे हरवलेल्या दागिन्याची मालकी मूळ मालकाकडेच राहते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार, दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. त्याला झालेला खर्च व त्रास यांची भरपाई मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क आहे. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागण्याचाही हक्क आहे. मात्र मालकाचा वाजवी शोध न घेता वस्तू पचवली तर तो अपहार ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली त्यासाठी किमान ६ महिने व कमाल २ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. नजीकच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घेणे हा सोपा मार्ग आहे.

जमिनीत पुरून ठेवलेल्या धनाची गोष्ट वेगळी. त्यासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आहे. १० रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. १८७८ साली १० रुपये ही चांगलीच रक्कम होती, आज त्या मर्यादेत जवळपास काहीही येते. पत्रात काय सापडले, त्याचे प्रमाण व अंदाजे मूल्य, कोठे आणि कोणत्या तारखेला सापडले, हे लिहायचे असते. वस्तू नजीकच्या शासकीय कोषागारात जमा करावी किंवा हमी द्यावी लागते. कोणी हक्कदार पुढे आला नाही आणि धन बेवारस ठरले, तर जमीनमालकाशी वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश व मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. माहिती दडवली तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि १ वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, शिल्पे यांना त्याशिवाय १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा लागू होतो.

बुलडाणा जिल्ह्यात हा शेवटचा मुद्दा कागदावरचा नाही. २०२४ च्या जून महिन्यात सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवराव यांच्या समाधीच्या परिसरात संवर्धनाचे काम सुरू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला जमिनीखाली शेषशायी विष्णूचे भव्य शिल्प मिळाले. पुरातत्त्वज्ञही उकरलेली माती चाळतात. फरक असा की प्रत्येक घमेले कोणत्या चौकोनातून, किती खोलीवरून आले याची ते नोंद ठेवतात. त्या नोंदीशिवाय हाती आलेली मूर्ती किंवा नाणे कोणत्या काळाचे, कोणत्या थरातले, हे नंतर सांगता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीशिवाय खणणे त्यामुळेच गुन्हा आहे, मग हातात यंत्र असो वा घरची चाळणी.